घरी येणारे पिलू आणि हाकेची भाषा

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत कुत्र्याचे वा मांजराचे पिलू सहसा विकत घेतले जात नाही. ते आखाड्यावरून, शेजाऱ्याकडून अथवा रस्त्यावरून घरात येते. त्याच्यासाठी अंथरावयास पोते आणि पाण्यासाठी एखादे जुने पातेले इतकी सिद्धता बहुतेक घरांतून होते. परंतु या नव्या जीवाशी कोणत्या शब्दांनी बोलावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी 'हे ऐकतच नाही' असा निर्णय होऊन तेच पिलू वेशीबाहेर नेऊन सोडले जाते. हा निर्णय पिलावर दिलेला असला तरी पुष्कळदा तो त्या घराच्या भाषेलाच लागू पडतो, असे आमचे मत आहे.

जनावरांना उद्देशून काढावयाचे उद्गार मराठीत विपुल आहेत. कुत्र्यास बोलावताना 'यू यू', अंगावर सोडताना 'छू', हाकलताना 'हाड'. मांजरास घालवताना 'शुक शुक'. यांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. म्हणून व्याकरणकारांच्या दृष्टीने ते उपेक्षित राहिले. तथापि त्यांची ध्वनिरचना यदृच्छेने झालेली दिसत नाही. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल या संशोधिकेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पिलांना जवळ येण्यास शिकविताना एका लांब, उतरत्या स्वरापेक्षा चार आखूड, चढते स्वर अधिक परिणामकारक ठरले. आपले 'यू यू यू यू' याच जातीचे आहे. आखाड्यावरच्या निरक्षर गड्याला जे ठाऊक होते त्यास प्रयोगशाळेने दुजोरा दिला, एवढेच.

अडचण उद्भवते ती 'हाड'पाशी. 'हाडहूड करणे' हा वाक्प्रचार आपण माणसांनाही लावतो, इतका त्या उद्गारातील तिरस्कार स्पष्ट आहे. घरातील मुले पिलास 'यू यू' करून बोलावतात. ते आले, पायात घोटाळले वा ओसरीवर मुतले की तीच मुले 'हाड' म्हणून ओरडतात. हाक ऐकून जवळ गेले असता मार वा धिक्कार मिळतो, हा धडा पिलू फार लवकर शिकते आणि मग हाक ऐकूनही जागचे हलत नाही. म्हणून पहिले काही आठवडे तरी 'हाड' हा उद्गार घरातून वर्ज्य करावा, आणि ज्या हाकेने बोलावले तिच्यामागून शिक्षा कधीही येऊ नये.

नावाविषयी आपली परंपरा सूज्ञ आहे. 'मोत्या', 'वाघ्या', 'टिप्या' ही नावे दोन अक्षरी, ठसठशीत व याकारान्त आहेत. विशेष हे की संबोधनात वा विभक्तीत त्यांचे रूप पालटत नाही. 'मोत्या', 'मोत्याला', 'मोत्याने' या सर्वांत पिलाच्या कानी तेच नाव पडते. मांजरीच्या 'मनी'ची हाक मारताना मात्र 'मने' होते. याने फार बिघडते असे नाही, पण घरातील सर्वांनी एकच रूप वापरणे बरे. मांजरास नाव कळतच नाही हा समज खरा नव्हे. समान लांबीच्या इतर शब्दांतून मांजरे स्वतःचे नाव वेगळे ओळखतात, हे आत्सुको साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये २०१९ साली दाखविले आहे. हाकेस ओ देणे न देणे हा मांजराचा स्वतंत्र प्रश्न आहे.

आज्ञांच्या बाबतीत मराठी घरात एक खास घोटाळा संभवतो. 'बस' हे कुत्र्यास खाली बसविण्याकरिता सर्वत्र वापरले जाते. पण पंगतीत वाढताना 'बस', मुले भांडू लागली की 'बस झालं', आणि सकाळी धावपळीत चुकते तीही 'बस'च! दिवसातून कितीतरी वेळा हा ध्वनी पिलाच्या कानी पडतो आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. अशा शब्दाला अर्थ कसा चिकटावा? आमच्या मते बसविण्यास 'बैस' योजावे, आणि ते सर्वांनी योजावे. एकाने 'बैस', दुसऱ्याने 'खाली बस', तिसऱ्याने 'बसतोस का नाही' म्हटल्यास मनुष्यास एकच अर्थ दिसतो, पिलास तीन निरनिराळे आवाज ऐकू येतात.

या जिल्ह्यात भाषांचीही सरमिसळ आहे. दखनी बोलणाऱ्या घरातले किंवा तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या कुटुंबातले पिलू मराठी घरात येणे येथे नित्याचे. लॉरा कुआया यांनी मेक्सिकोहून बुडापेस्टला आपला कुत्रा नेला. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परिचित भाषा व अपरिचित भाषा यांना कुत्र्याचा मेंदू भिन्न प्रतिसाद देतो असे आढळले. तेव्हा पिलू आणतानाच पूर्वीच्या घरी त्यास कसे बोलावीत असत ते विचारून घ्यावे आणि प्रारंभी तीच हाक चालू ठेवावी.

अन्नाचेही तसेच. पूर्वीच्या घरचे अन्न आठवडाभर तेच ठेवून मग हळूहळू पालटावे. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होती. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु नव्या पिलाच्या पोटाला तूप झेपत नाही, आणि कांदा-लसूण घातलेले कालवण तर कुत्र्या-मांजरांना विषारीच होय.

पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. कुत्र्याच्या पिलाचा माणसांशी, आवाजांशी परिचय होण्याचा काळ साधारणपणे तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. मांजराचा तो दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतच, म्हणून मांजराचे पिलू आईजवळ असतानाच त्यास माणसाच्या हाताची सवय लावावी. घरी आणताच जंतनाशक व लसीकरण यांची चौकशी करावी. परभणी शहरात पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने ही सोय दूर नाही. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात व नंतर दरवर्षी टोचून घ्यावी. तोवर खेळता खेळता पिलाचा दात वा नख लागून रक्त आले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद वा चुना भरून स्वस्थ बसू नये.