चुना, नीळ अन् गेरू



दिवाळीच्या आत घराला चुना काढायची आपली रीत. पण वरवट बकालकडचा भाग पडला खारपाण पट्ट्यात. खारट पाण्यात कालवलेला चुना वाळला, की पाण्यातले क्षार भिंतीवर फुलतात अन् पोपडे सुटतात. दोष मात्र चुन्याला! तेव्हा पाणी गोडं घ्या, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तमच.

किलोभर कळीच्या चुन्याला पाचेक लिटर पाणी लागतं. चुना पाण्यात पडताच उकळतो. पोरं दूर ठेवा, डोळे सांभाळा, प्लास्टिकची बादली वापरू नका. दिवसभर मुरू द्या, फडक्यातून गाळा अन् डिंकाचं गरम पाणी घाला.

रंगासाठी गेरू, पिवळी माती किंवा पुडीतली नीळ घ्या. चुन्यात हे टिकतात. हळद नको. चुन्याने ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो. म्हणून आधी कोपऱ्यात हात मारून एक दिवस थांबा, अन् एका खोलीचा रंग एकदमच कालवा. छताला चिमूटभर नीळ पुरे, उजेड वाढतो. चुलीची काजळी मात्र आधी खरवडा.

भिंत ओली करून पातळ हात द्या. चुना हवा खाऊन घट्ट होतो. चटकन सुकला तर हाताला लागतो. धान्याच्या खोलीत फटी बुजवून चुना द्या, तिथेच सोंडे लपतात. पोती मात्र भिंत खडखडीत वाळल्यावरच लावा.