दूध आणि व्यायाम

पंचवटीतील एखादा तरुण व्यायामशाळेत जाऊ लागला की घरी त्याच्यासाठी दुधाचा रतीब वाढतो. प्रौढ माणसास अशा दुधाची खरोखर आवश्यकता आहे काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

व्यायामाने स्नायूंची जी झीज होते ती प्रथिनांनी भरून निघते. गाईच्या पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात, व ती उत्तम प्रतीची होत. कोल्हापूरचे मल्ल म्हशीचे दूध पसंत करितात. त्यात स्निग्धांश पुष्कळ अधिक असून एका लिटरातून सुमारे १,००० कॅलरी मिळतात. मल्ल ती शक्ती शेकडो जोर-बैठकांत व आखाड्यात खर्च करितो. तासभर वजने उचलून दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याच्या अंगी मात्र तिची चरबी होते.

शिवाय पुष्कळ प्रौढांस दुधातील साखर पचत नाही. पोट फुगते, ढाळ होतात. अशांस दही बहुधा सोसते. धारोष्ण दुधाची थोरवी आपण ऐकतो. परंतु न उकळलेल्या दुधातून क्षयासारखे रोगही जडू शकतात.

तात्पर्य, ज्यास दूध पचते त्याने रोज एक-दोन पेले उकळलेले दूध खुशाल घ्यावे. उरलेली प्रथिने डाळी, शेंगदाणे व अंडी यांतून मिळतात. म्हणून पालकहो, घरी दूध मोजकेच येत असेल, तर थोरल्याच्या व्यायामापायी धाकट्या लेकरांचा वाटा कमी करू नये.