वर्क व्हिसा नाकारला? पैसे देण्याआधी पत्र वाचा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथली आपली कितीतरी पोरं कामासाठी सौदी, दुबई, कतारला जातात. एखाद्याचा व्हिसा नाकारला की घरात सन्नाटा पसरतो. मग कोणीतरी येऊन सांगतो, "अपील करून देतो, खर्च येईल." पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा: नकार कोणी दिला आणि कारण काय लिहिलंय?

आखाती देश: इथं वर्क व्हिसा मागते ती तिथली कंपनी, म्हणजे कफील. त्यामुळे कामगाराला इथून अपील करायला बहुतेक वेळा जागाच नसते. चूक दुरुस्त करून कंपनीनंच पुन्हा अर्ज करायचा असतो. म्हणून एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका, कंपनीकडून कारण लेखी मागा.

ब्रिटन: स्किल्ड वर्कर व्हिसा नाकारला तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू' मागता येतो. भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून मुदत २८ दिवस आणि फी ८० पौंड. यात अधिकाऱ्याची चूक दाखवायची असते. आपलाच कागद कमी पडला असेल तर नवा अर्ज करणं बरं.

जर्मनी: नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं.

आपल्याच देशातला नकार: दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' असतो. सौदी, कुवेत, कतार अशा देशांत कामाला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. ती नाकारली तर १९८३ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २३ नुसार केंद्र सरकारकडे अपील करता येतं. हा हक्क आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो.

नावाचा घोळ: आम्ही शिक्षक मंडळी हे रोज बघतो. दाखल्यावर 'शेख सलीम शेख करीम', आधारवर 'सलीम शेख', पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. डिग्री आणि अनुभवाचे दाखले तपासताना हाच फरक आडवा येतो. पोरगा शाळेत आहे तोवरच रजिस्टरमधलं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख तपासून घ्या. नंतर गॅझेट आणि प्रतिज्ञापत्रांमागे धावावं लागतं.

पैशाचं काय? परवानाधारक रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. परवाना खरा आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर फुकट बघता येतं. पावती द्यायला जो कचरतो, त्याच्या हाती पासपोर्टही देऊ नका.

नकाराचं पत्र इंग्रजीत किंवा अरबीत असेल तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोराकडून, शाळेतल्या सरांकडून किंवा मदरशातल्या मौलानांकडून वाचून घ्या. त्याची झेरॉक्स काढा, पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. मुदत तिथूनच मोजली जाते. अम्मीचे दागिने गहाण टाकायचा विचार त्यानंतर करा. बऱ्याचदा त्याची गरजच पडणार नाही.