हाड मरतं म्हणजे काय? आणि ते पसरतं का?

भद्रावतीत विशीतला पोरगा लंगडताना दिसला की लोक म्हणतात, 'लचक भरली असेल.' पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे. विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्यात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त मिळत नाही; ते मरतं, मग खचतं. हाच एव्हीएन.

पसरतो का? एका सांध्यातून दुसऱ्यात सरकत नाही. पण कारण रक्तातच असल्यानं दुसऱ्या खुब्यात, खांद्यातही तेच घडू शकतं.

म्हणून जांघेत दुखणं थांबत नसेल, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी गप्प बसू नका, एमआरआयबद्दल विचारा. हाड खचण्याआधी कळलं, तर सांधा वाचवायला वाव असतो. तोवर ओझी-उड्या टाळा, पाणी भरपूर प्या, सिकलसेलच्या गोळ्या चुकवू नका.