येळवशीची अंबील

मार्गशीर्षातील अमावास्येला बीदर-कलबुर्गीकडच्या खेड्यांत भर दुपारी कुणी घरी भेटेल, अशी आशा पाहुण्याने धरू नये. सारे गाव शिवारात गेलेले असते. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘एळु’ म्हणजे सात. म्हणून कुणी हिला तिळाची अमावास्या म्हणतात, कुणी सातवी. आपण मराठी मंडळींनी त्या वादात न पडता तिची ‘वेळ अमावास्या’ केली आणि बोलताना ‘येळवस’!

खरा मान अंबिलीचा. ज्वारीचे पीठ शिजवून निववायचे, त्यात ताक, आले-लसूण, हिरवी मिरची, जिरे घालून मातीच्या भांड्यात रात्रभर मुरू द्यायचे. जोडीला ओली तूर, हरभरा, वाटाणा यांची बेसन-चिंच लावलेली भज्जी. (ही तळणीतली भजी नव्हेत, पुण्याच्या सुनेला आधीच सांगून ठेवावे.) शिवाय बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर.

दिवाणखान्यातील बिदरी फुलदाणीला या दिवशी कुणी विचारीत नाही. शेतात कडब्याची खोप उभी राहते, तिच्यावर शाल पांघरतात, आत चुन्याने रंगविलेले पाच दगड, म्हणजे पांडव, विराजमान होतात. गृहिणी ठेवणीतले इरकली नेसतात.

१९५६ मध्ये बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. अंबील मात्र दोन्हीकडे तीच राहिली. तिला खरा धाक आहे तो ऊस-सोयाबीनचा. ज्वारी पेरलीच नाही, तर खोपीला कडबा शेजाऱ्याकडे मागावा लागतो. शेजारी देतो, आणि जेवायलाही बसवून घेतो. मात्र तिसरा पेला घेण्यापूर्वी घर किती लांब आहे ते आठवावे. अंबिलीने डोळे जड होतात.