पार्किंगचा चढ आणि ३८० न्यूटनमीटर

क्लच स्लिप होतोय की नाही, हे पहिल्या गिअरमध्ये कळत नाही. पहिल्यात पाय दाबला की आधी टायर जागच्या जागी फिरतात आणि सगळा दोष टायरच्या माथी जातो. म्हणून मामा थेट चौथा टाकतात. गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली. ताशी ६० चा वेग, इंजिन २००० फेऱ्यांवर, आणि मग ॲक्सिलरेटर तळाला. टर्बो भरतो, काटा २५०० ओलांडतो, ३००० ओलांडतो आणि तिथून एकदम सुटतो. बघता बघता ४५०० फेऱ्या. शेजारचा वेगाचा काटा मात्र आपल्या संथ चालीने चढत असतो. दोन काट्यांची फारकत झाली की मामा पाय काढतात. पाठोपाठ जळक्या क्लचचा तो वास येतो. घाटात मालट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला तो ओळखावा लागत नाही.

मामा म्हणजे भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजचे फोरमन. गाडी स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, मूळची ताकद १५० अश्वशक्ती आणि टॉर्क २१० न्यूटनमीटर. आजच्या मालकाने तिला मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, पुढे जाळीमागे रुंद इंटरकूलर आणि नवं सॉफ्टवेअर दिलंय. डायनोच्या कागदावर आता २८० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटनमीटर असं छापून येतं. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. मालकाकडे हा विषय काढला की तो चहा सांगतो.) एवढं सगळं बदललं, पण क्लच राहिला साध्या गाडीचाच. त्याने बरीच वर्षं निभावलं, आता हात टेकले.

मालक पोराने घरूनच ठरवून आणलं होतं. "मामा, सहा बटणांची सिरॅमिक प्लेट मागवू. ५०० न्यूटनमीटरपर्यंत धरते म्हणतात."

मामांनी त्यावर विचारलं, "राहता कुठे?"

हा प्रश्न मला त्या वेळी गप्पांतला वाटला होता.

क्लच किती पेलतो याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचा नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट चेपून धरलेली असते. स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा घर्षणांक, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, या चारांचा गुणाकार म्हणजे क्लच घसरू लागण्याआधीचा टॉर्क. अश्वशक्ती यात कुठेच नाही. तरीही गाड्यांच्या शौकिनांत पहिला प्रश्न अश्वशक्तीचाच असतो. २८० अश्वशक्तीचं एखादं इंजिन वरच्या फेऱ्यांवर ओरडत ताकद देत असेल तर त्याला बेताचा क्लच पुरतो; तीच ताकद टर्बोने खालच्या फेऱ्यांत आणली तर पुरत नाही. सॉफ्टवेअर बदलून रिमॅप केलेल्या टर्बो गाड्यांचे क्लच ३००० फेऱ्यांच्या आसपास दगा देतात ते यामुळेच. सगळा टॉर्क तिथे गोळा झालेला असतो.

गॅरेजमध्ये लॅपटॉपवर मॅप लिहिणारा एक पोरगा आहे. त्याने जॉबकार्डाच्या पाठीवर आकडे मांडले. या गिअरबॉक्सला चालेल अशी २२८ मिलिमीटरची प्लेट घ्यायची. ही मुळात फोक्सवॅगनच्या सहा सिलिंडरच्या व्हीआर६ इंजिनासाठीची, आणि चार सिलिंडरचं १.८ टर्बो इंजिन वाढवणारे लोक जगभर वर्षानुवर्षं तीच घालत आलेत. लायनिंगचा आतला व्यास १५० धरला तर सरासरी त्रिज्या साडेचौऱ्याण्णव मिलिमीटर. साध्या ऑरगॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.२८ धरू. बाजू दोन. ३८० न्यूटनमीटरवर २० टक्के राखीव ठेवली की ४५६. म्हणजे स्प्रिंगचा दाब हवा सुमारे ८६०० न्यूटन, किलोच्या भाषेत ८८० च्या घरात. मूळच्या २१० न्यूटनमीटरला याच हिशोबाने पाचशे किलोच्या आत भागतं.

आता या ८८० किलोंमधून सुटायच्या वाटा तीनच, आणि प्रत्येकीचं बिल वेगळ्या ठिकाणी फाटतं.

पहिली वाट म्हणजे स्प्रिंग कडक करायची. बिल डाव्या पायावर. आणि पायाचं एक वेळ ठीक, पण क्लच दाबला की रिलीज बेअरिंगचा रेटा क्रँकशाफ्टला त्याच्या अक्षाच्या दिशेने ढकलतो आणि तो झेलायला आत एक पातळ थ्रस्ट बेअरिंग असतं. सकाळी गार इंजिन सुरू करताना, तेल अजून वर चढलेलं नसताना, क्लच तळाला दाबून स्टार्टर मारणारा माणूस ते बेअरिंग कोरडंच घासत असतो. कडक प्रेशर प्लेटवर ही सवय महागात जाते.

दुसरी वाट म्हणजे लायनिंग बदलायचं. घर्षणांक ०.३८ धरला तर ६५० किलोंतच काम होतं, पेडल हलकं राहतं. सिरॅमिकची बटणं हेच करतात, शिवाय ऑरगॅनिक लायनिंग ज्या तापमानाला हार मानतं तिथे ती निवांत असतात. ट्रॅक्टरवाल्यांना बटण प्लेट नवी नाही. पण ट्रॅक्टरला सिग्नलवर वीतभर पुढे सरकायचं नसतं. साध्या प्लेटमध्ये दोन लायनिंगच्या मधोमध लाटांसारख्या वाकवलेल्या पातळ पट्ट्या असतात. क्लच सोडताना त्या हळूहळू चपट्या होतात आणि पायाला ती मऊ पकड मिळते, जिला आपण हाफ क्लच म्हणतो. बटणांच्या बऱ्याच प्लेटमध्ये या पट्ट्या नसतातच. तिथे क्लच एक तर सुटलेला असतो किंवा लागलेला, आणि मधल्या अर्ध्या इंचात गाडी थडथडते.

तिसरी वाट दोन प्लेटच्या क्लचची. घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार होतात, दाब निम्म्यावर, ४४० किलोंवर येतो. माझ्या मते इंजिनिअरिंग म्हणून ही सगळ्यांत देखणी वाट. फॉर्म्युला वनचे क्लच कार्बनच्या अनेक चकत्या रचून १०० मिलिमीटरपेक्षाही लहान केलेले असतात, ते याच तत्त्वावर. पण रस्त्यावरच्या गाडीत पेडल दाबलं की मधली सुटी प्लेट खुळखुळते, आणि किंमत ऐकून मालक पोराने आपणहून तो कागद उलटा ठेवला.

मग मामांचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडी. पार्किंग बेसमेंटला. चढ कसा आहे? उभा, आणि वर आल्यावर वॉचमन गेट उघडेपर्यंत थांबावं लागतं. "वहिनी चालवतात का गाडी?" चालवते, शनिवार-रविवारी. ड्रॅगला जाता? एकदा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जायचं आहे, अजून गेलेलो नाही. मामांनी 'अजून' हा शब्द ऐकून घेतला आणि काही बोलले नाहीत.

या चौकशीमागे उष्णतेचं गणित आहे. दोन माणसांसह १४०० किलोची गाडी ड्रॅगच्या रेषेवरून सोडताना इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर धरलं, तर ताशी ३० च्या आसपास क्लच पूर्ण धरतो. तोवर गाडीत सुमारे ४९ किलोज्यूल गतिज ऊर्जा जमते आणि जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये शिरते. एक लीटर पाणी बारा अंश तापवायला पुरेल एवढी, दोन-तीन सेकंदांत, दोन पातळ लायनिंगवर. सिग्नलवरून हलक्या पायाने निघालं तर क्लच ताशी ८ लाच धरतो आणि ही उष्णता साडेतीन किलोज्यूलच्याही आत राहते. वेगाचा वर्ग येतो, म्हणून एवढी तफावत. मात्र त्या बेसमेंटच्या चढावर, गेट उघडायची वाट पाहत, हाफ क्लचवर गाडी तोलून धरली तर गाडी तसूभर हलत नाही आणि उष्णता भरतच राहते. तिथे सिरॅमिक जळणार नाही हे खरं. पण थडथडत निघताना इंजिन बंद पडेल, गाडी मागे येईल, आणि मागे शेजाऱ्याची नवी गाडी असेल. हे मामांचं चित्र. मला ते पटलं.

पोराला पटायला वेळ लागला. "पण मामा, कमी पेलणारा क्लच टाकायचा आणि पुन्हा स्लिप झाला तर?"

उत्तर लॅपटॉपवाल्याने दिलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तीच. त्याने डायनोचा आलेख पडद्यावर मोठा केला. टॉर्कची रेष ३२०० फेऱ्यांवर ३८० ला टोक काढून नंतर उतरत होती. २८० अश्वशक्ती मात्र ६००० फेऱ्यांवर होती आणि तिथे टॉर्क होता ३२८. म्हणजे ते टोक अश्वशक्तीच्या कामाचं नव्हतंच. त्याने मधल्या फेऱ्यांत बूस्ट थोडा दाबून टॉर्क ३४० वर सपाट करायचं सुचवलं. वरची ताकद आहे तेवढीच. राखीव धरून क्लचची गरज ४५६ वरून ४०८ वर, स्प्रिंग ८८० वरून ७९० किलोंच्या आत. म्हणजे ऑरगॅनिक लायनिंग, पूर्ण गोल प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट यांत काम बसतं.

"म्हणजे कागदावर ४० कमी दिसणार," पोरगा म्हणाला.

"कागदावर दिसणार," लॅपटॉपवाला म्हणाला.

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मला त्या पोराबद्दल सहानुभूती वाटली. ३८० हा आकडा तो मित्रांत वर्षभर सांगत होता.

फ्लायव्हीलचा प्रश्न उरला. या गाड्यांत मूळचं फ्लायव्हील दुपदरी असतं, दोन वजनं आणि मधे स्प्रिंगा. लुक या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये अशी फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत हे त्यांचं काम. या गाडीचं हाताने फिरवलं तर ढिलं लागत होतं आणि पृष्ठभागावर निळे डाग होते. तापून निळं झालेलं लोखंड. त्याजागी फोक्सवॅगनच्या कोराडो जी६०चं एकसंध फ्लायव्हील घालायचं ठरलं. व्हीआर६ची प्लेट आणि जी६०चं फ्लायव्हील ही जुनी, मुरलेली जोडी. यात एक खाच आहे. दुपदरी फ्लायव्हीलसोबत येणाऱ्या अनेक क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करतं. तीच प्लेट एकसंध फ्लायव्हीलवर चढवली तर हिसके झेलणारं कुणीच उरत नाही. मामांनी नव्या प्लेटच्या स्प्रिंगा अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि मगच खोका स्वीकारला. एवढं करूनही न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं असताना, गिअरबॉक्स थोडा खडखडणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "वहिनींनाही सांगा. नाहीतर मला फोन येतो, इंजिनात काहीतरी तुटलंय म्हणून."

गिअरबॉक्स उतरवणं हेच या कामातलं मोठं काम. एकदा तो खाली आला की मामा हात लागतील तेवढे भाग बदलून घेतात: रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, फ्लायव्हीलचे बोल्ट. हे बोल्ट ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात. ६० न्यूटनमीटर आवळून वर पाव फेरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. एका बाजूने आवळत गेलं तर प्लेट वाकते आणि मग थडथड कुठून येते ते शोधत बसावं लागतं. नवीन लायनिंगला ग्रीसचा हात लागू नये म्हणून पोऱ्याला आधी साबणाने हात धुवायला पाठवलं.

मालकाने मात्र बाकावरच्या गिअरबॉक्सकडे पाहत मामांना विचारलं, आता क्लच स्लिप होणार नाही, तर पुढे काय तुटेल? प्रश्न चांगला होता. या गिअरबॉक्सचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे: डिफरन्शिअलच्या मोठ्या गिअरला धरणारे रिव्हेट. ते तुटले की आतून गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येतात. घसरणारा क्लच एका अर्थाने त्यांना वाचवत होता. रिव्हेट छिलून तिथे बोल्ट बसवता येतात आणि गिअरबॉक्स खाली असताना ते केलेलं बरं. पोराने खिशातला फोन काढला, बाजूला जाऊन घरी बोलला, आणि येऊन म्हणाला, करून टाका. आम्हाला "अगं, एकदाच होईल ना" एवढंच ऐकू आलं होतं.

गाडी जोडून झाल्यावर डायनोवर चढवली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मामा म्हणाले, नव्या लायनिंगला फ्लायव्हीलशी जमवून घ्यायला ८०० किलोमीटर लागतात, तोवर पाय हलका. आज पूर्ण टॉर्क दिला तर लायनिंगचा वरचा थर जळून काचेसारखा गुळगुळीत होईल आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी घसरेल.

पोराचा चेहरा खुलला. "मग काय, शनिवार-रविवार कोल्हापूरला दोन चकरा मारतो. सोमवारी डायनोवर."

"हायवेचे किलोमीटर धरायचे नाहीत," मामा किल्ली त्याच्या हातात देत म्हणाले. "तिथे पाचवा टाकला की क्लचला काम काय? हिंजवडीचे धरायचे."