सही करण्यापूर्वी : औषधाची चाचणी समजून घेऊ या

घरातील वडीलधाऱ्या माणसाला उपचारांसाठी नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबईच्या रुग्णालयात नेले असता तेथील डॉक्टर कधीकधी एक वेगळाच प्रश्न विचारतात : “या आजारावरील एका नव्या औषधाचा अभ्यास आमच्याकडे चालू आहे. आपण त्यात सहभागी व्हाल का?” सोबत दहा-पंधरा पानांचा मजकूर हाती येतो आणि शेवटच्या पानावर सहीची जागा दिसते. आजाराने थकलेला रुग्ण मुलाकडे पाहतो, मुलगा डॉक्टरांकडे पाहतो. कोणी घाबरून ‘नको’ म्हणतो, तर कोणी ‘मोठे डॉक्टर म्हणतात म्हणजे चांगलेच असणार’ असे समजून न वाचता सही करतो. हे दोन्ही निर्णय अपुऱ्या माहितीवर घेतलेले असतात. शहापूरसारख्या गावातील दवाखान्यात असे कागद घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “डॉक्टरसाहेब, बाबांवर प्रयोग तर करणार नाहीत ना?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख.

तपासणी वेगळी, चाचणी वेगळी

रक्त, लघवी, एक्स-रे या तपासण्यांतून आपल्या शरीरात काय बिघडले आहे हे कळते. क्लिनिकल ट्रायल, म्हणजेच औषधाची चाचणी, ही त्या औषधाची पारख असते. औषध सुरक्षित आहे का, ते खरोखर गुण देते का आणि आधीच्या उपचारांपेक्षा सरस आहे का, हे ठरवण्यासाठी माणसांच्या संमतीने आणि ठरलेल्या नियमांनुसार केलेला हा अभ्यास असतो.

औषध माणसापर्यंत येण्यापूर्वी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलेले असते. त्यानंतर माणसांवरील चाचणीचे टप्पे सुरू होतात. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींवर मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा पाहिली जाते. दुसऱ्या टप्प्यात त्या आजाराच्या अधिक रुग्णांवर परिणामाचा अंदाज घेतला जातो. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो लोकांवर प्रचलित उपचारांशी तुलना होते. औषध बाजारात आल्यानंतरही त्याच्यावर लक्ष ठेवले जाते. तो चौथा टप्पा. आपल्याला कोणत्या टप्प्यात बोलावले जात आहे, हे विचारणे अगत्याचे आहे. पहिल्या टप्प्यातील अनिश्चितता तिसऱ्या टप्प्यापेक्षा पुष्कळ अधिक असते.

बांधीतला न्याय

आपल्या भागातील धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चाचणीचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. नवे वाण पाण्याच्या खोलगट बांधीत लावले, जुने उंचवट्यावरच्या बांधीत लावले आणि मग ‘नवे वाण चांगले’ असा निकाल दिला, तर शेजारचा शेतकरी हसेल. कारण फरक वाणाचा की पाण्याचा, हे कळलेलेच नाही. दोन्ही वाणांना सारखी जमीन, सारखे पाणी, सारखे खत आणि एकाच वेळी रोवणी मिळाली, तरच तुलना न्याय्य ठरते.

औषधाचेही तसेच आहे. ठणठणीत रुग्णांना नवे औषध दिले आणि अधिक आजारी रुग्णांना जुने दिले, तर नवे औषध उगाचच गुणकारी भासेल. म्हणून कोणाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणकाने ठरते. पुष्कळदा एका गटाला ‘प्लासिबो’ देतात. ही दिसायला औषधासारखी असलेली, पण औषध नसलेली गोळी किंवा इंजेक्शन असते. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नसते आणि अनेक चाचण्यांत डॉक्टरांनाही माहीत नसते. मनाच्या आशेचा किंवा भीतीचा परिणाम निकालावर होऊ नये, यासाठी ही दक्षता असते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज चुकतो. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या गोळीवर जगभर मोठा भरवसा होता. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत २०२० साली दिसले, की रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचे मृत्यू तिने कमी होत नाहीत. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले.

ऐंशी वर्षांपुढील रक्तदाबाचे उदाहरण

ज्येष्ठ वाचकांनी लक्षात घ्यावी अशी एक चाचणी आहे. ऐंशी वर्षांवरील माणसाचा वाढलेला रक्तदाब औषधाने कमी करावा की नाही, याविषयी डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ मतभेद होते. या वयात दाब उतरवल्याने हानीच होईल, असे अनेकांना वाटे. ‘हायव्हेट’ नावाच्या चाचणीत युरोप, चीन आणि अन्य देशांतील ऐंशी वर्षांवरील ३,८४५ व्यक्ती सहभागी झाल्या. निम्म्यांना औषध मिळाले, निम्म्यांना प्लासिबो. निकाल २००८ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या गटात कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. कारण त्यानंतर अर्ध्या लोकांना औषधापासून वंचित ठेवणे अन्यायाचे झाले असते.

आज ऐंशी वर्षांच्या आजींना डॉक्टर विश्वासाने रक्तदाबाची गोळी देतात, त्यामागे त्या ३,८४५ वृद्धांचा सहभाग आहे. (हे वाचून कोणीही स्वतःची मात्रा परस्पर बदलू नये.) अनेक चाचण्यांत वृद्धांना घेतले जात नाही, कारण त्यांचे मूत्रपिंड अशक्त असते आणि त्यांची इतर औषधे चालू असतात. त्यामुळे ज्या वयात औषधे सर्वाधिक लागतात, त्याच वयाविषयीची माहिती तोकडी राहते.

आपल्या परिसरातील चाचण्या

भारत बायोटेकच्या ‘कोव्हॅक्सिन’ लशीची चाचणी नागपुरातही झाली, हे अनेकांना आठवत असेल. जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात देशभरातील ३७५ व्यक्ती होत्या आणि त्या १८ ते ५५ या वयोगटातील होत्या. दुसऱ्या टप्प्यात ३८० जण होते. तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० जण सहभागी झाले आणि त्यांत साठीपुढील व्यक्तीही होत्या. विश्लेषणात घेतलेले लस आणि प्लासिबो हे दोन गट प्रत्येकी साडेआठ हजारांच्या आसपास होते. लस घेतलेल्यांपैकी २४ जणांना लक्षणांसह कोरोना झाला, प्लासिबो घेतलेल्यांपैकी १०६ जणांना झाला. या दोन आकड्यांच्या तुलनेतून ७७.८ टक्के परिणामकारकतेचा निष्कर्ष निघाला. मात्र तिसऱ्या टप्प्याचा निकाल हाती येण्यापूर्वीच, ३ जानेवारी २०२१ रोजी, या लशीला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली होती आणि त्यावर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला होता. टप्पे का पाळावेत, याची चर्चा त्या निमित्ताने सामान्य माणसापर्यंत पोहोचली.

प्रत्येक चाचणी गोळीची किंवा लशीचीच असते असे नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीची चाचणी केली. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण महिला घरोघर जाऊन बाळांची काळजी घेत, तर ४७ गावांत नेहमीच्याच आरोग्यसेवा चालू होत्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज आशाताई आपल्या घरी येऊन नातवंडाचे वजन करते, त्याची ऊब तपासते, त्याचे मूळ या चाचणीत आहे.

कायद्याने दिलेले संरक्षण

भीती अगदीच निराधार नाही. देशात रुग्णांना पुरेशी माहिती न देता चाचण्या झाल्याच्या तक्रारी आल्या. इंदूरच्या ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ साली नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल यांविषयीचे स्वतंत्र नियम लागू झाले. त्यांतील पुढील बाबी आपल्याला माहीत असाव्यात.

चाचणीला नैतिकता समितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात.

चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’मध्ये, करावी लागते. २००७ साली सुरू झालेली ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा आणि घरातील तरुण मुलाला किंवा नातीला तो शोधायला सांगा.

माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. त्याची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आपल्याजवळ राहते. रुग्णाला वाचता येत नसेल, तर सर्व माहिती देताना एक निष्पक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि रुग्ण असाध्य आजाराने ग्रस्त किंवा अत्यंत गरीब अशा दुर्बल स्थितीत असेल, तर संमतीच्या प्रक्रियेचे चित्रीकरण होते.

चाचणीत इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळतात. ती इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे ठरल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते. गंभीर घटना घडल्यास चाचणीच्या डॉक्टरांनी २४ तासांत ती कळवणे बंधनकारक आहे.

सहभागी कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडू शकतो. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

आई-वडील शुद्धीवर असतील आणि त्यांना समजत असेल, तर निर्णय त्यांचा आहे. मुलाने सगळे ऐकून घ्यायचे आणि बाबांनी फक्त अंगठा लावायचा, ही रीत योग्य नाही. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या बोलीत सांगा आणि ‘तुम्हाला काय समजले ते मला सांगा’ असे विचारा. स्मृतिभ्रंश किंवा बेशुद्धावस्थेमुळे त्यांना निर्णय घेता येत नसेल, तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी संमती देतो. अशा वेळी स्वतःला हा प्रश्न विचारा : आई बोलू शकली असती, तर तिने काय ठरवले असते?

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. चाचणीचा पहिला हेतू ज्ञान मिळवणे हा असतो. आपल्या रुग्णाला फायदा होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. एखाद्याने तशी हमी दिली किंवा चाचणीतील औषधासाठी पैसे मागितले, तर तेथेच थांबा आणि नैतिकता समितीकडे विचारणा करा. तिचा संपर्क माहितीपत्रकात असतो.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

१. ही चाचणी कशासाठी आहे आणि कोणत्या टप्प्यात आहे?
२. सहभागी झालो नाही, तर माझ्यासाठी दुसरे कोणते उपचार आहेत?
३. मला प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? तेव्हा माझे चालू उपचार बंद होतील का?
४. आतापर्यंत कोणते दुष्परिणाम दिसले आहेत? किती जणांपैकी किती जणांना?
५. माझ्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्यांशी याचा मेळ बसेल का?
६. किती वेळा यावे लागेल? प्रवासखर्च मिळेल का?
७. रात्री-अपरात्री त्रास झाला, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?
८. चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरले, तर ते मला मिळत राहील का?

सहभागी व्हायचे ठरवले, तर आपण घेत असलेले प्रत्येक औषध चाचणीच्या डॉक्टरांना सांगा. वैद्यांचे चूर्ण आणि जडीबुटीही त्यात आली. चाचणीचा कागद नेहमी जवळ ठेवा आणि गावातील डॉक्टरांना दाखवा. रात्री ताप आला, तर आधी आमच्याच दाराशी याल. तेव्हा काय चालू आहे हे आम्हाला ठाऊक असणे रुग्णाच्या हिताचे आहे. बाहेर पडायचे असेल, तरी गोळी अचानक बंद न करता आधी कळवा, कारण काही औषधे हळूहळूच थांबवावी लागतात.

आपत्काळ नसेल, तर त्याच दिवशी सही करण्याची घाई करू नका. कागद घरी आणा, दोन दिवस विचार करा, ओळखीच्या डॉक्टरांशी बोला. ‘होय’ म्हणणारा आपल्यानंतरच्या रुग्णांसाठी मोलाचे काही देऊन जातो. ‘नाही’ म्हणणाराही कोणाचा अपराधी नसतो. जे ठरवाल ते समजून आणि स्वतःच्या इच्छेने ठरवा.